हिरव्या आकड्यांचा कागद

आमची गाडी आम्ही दोन इंच खाली आणली ती आईसाठी. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते सांगताना मला राग येतो. कारण ज्याला सांगते तो आधी हसलेला असतो, मग एकदम गंभीर होतो, आणि त्याच्या त्या गंभीर होण्याचाही मला राग येतो.

आईला लकवा मारला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. ती सरकारी नर्स होती. मुकुटबनच्या बाजूच्या गावांमध्ये तिची उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे आवाज मुळातच खडा. यवतमाळला आमच्याकडे राहायला आल्यावर आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं. आमची गाडी उंच बांध्याची, आणि आई जेमतेम पावणेपाच फूट. तिला गाडीकडे पाठ करून आधी टेकावं लागायचं, मग पाय आत घ्यावे लागायचे. पण सीट तिच्या टेकण्याच्या उंचीपेक्षा वर. मग घरून निघताना मी आणि शेजारचे काका, आणि दवाखान्यातून निघताना वॉर्डबॉय, असे तिच्या काखेत हात घालून तिला उचलून आत ठेवायचो. अक्षरशः ठेवायचो. त्या वेळी आई डोळे मिटून घ्यायची.

एक दिवस तिनं जाहीर केलं, "मी आता व्यायामाले जात नाही."

"काहून?"

"मले उचलायचं नाही कोणी. पस्तीस वर्षं म्या लोकं उचलले. उचलणाऱ्याच्या हाताले काय वाटते ते मले माहीत आहे."

पाट ठेवून पाहिला. तो फरशीवरून सरकला आणि आई दाराला लटकली. तिला काही झालं नाही, पण पाटाचा विषय त्या दिवशीच संपला. गाडी बदलायचा विचारही केला. पण खोल, बसक्या गाडीत आई बसली असती तरी उठली नसती. गुडघा फार वाकला की तिच्यानं उठवत नव्हतं. फार वर नको होतं आणि फार खालीही नको होतं.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम करते. लोकांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजून देणं हा माझा धंदा. तेव्हा मी टेप काढला. पलंगावर गाद्या आणि जाड पुस्तकं रचून आईला वेगवेगळ्या उंचीवर टेकायला लावलं. पंचवीस इंचांवर ती कोणाच्या मदतीशिवाय टेकत होती आणि उठतही होती. गाडीच्या सीटची कड जमिनीपासून सत्तावीस इंचांवर होती. सगळा प्रश्न दोन इंचांचा होता.

गाडी खाली घेता येते हे मी पोरांच्या गाड्या पाहून ऐकून होते. चौकशी करत नागपूरच्या एका गॅरेजात पोचले. गॅरेजवाला तिशीच्या आतला, कानात बाळी, दंडावर गोंदलेलं. माझ्या ऑफिसातल्या लोकांनी त्याला पाहिलं असतं तर नाक मुरडलं असतं. पण त्यानं पहिला प्रश्न मला विचारला आणि माझ्याचकडे पाहून विचारला, "किती खाली पाहिजे, आणि कशासाठी?" मी सांगितलं. तो हसला नाही, हळहळलाही नाही. म्हणाला, "दोन इंच होते. त्याच्या खाली नका जाऊ मॅडम, स्पीडब्रेकरवर पोट घासेल. स्प्रिंग कापून देणारे पुष्कळ आहेत, मी कापत नाही. बुटक्या स्प्रिंगा येतात, त्या चारही चाकांना बसवून देतो."

संध्याकाळी गाडी हातात देताना त्यानं दोन्ही पंजे चाकांसारखे उभे धरून मला दाखवलं. "गाडी खाली आली की पुढची चाकं वरच्या बाजूनं अशी आत झुकतात. आणि वरून पाहिलं तर दोन्हीचं तोंडही थोडं इकडेतिकडे होते. आता दोन-तीनशे किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बसू द्या. मग चांगल्या जागी अलाइनमेंट करा. हे विसरू नका, नाहीतर टायर आतून खाऊन जातील." जुन्या स्प्रिंगा त्यानं पोत्यात बांधून डिकीत ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं दाराकडे पाठ केली, डाव्या हातानं वरचा दांडा धरला, टेकली, आणि डाव्या हातानंच उजवा पाय उचलून आत घेतला. शेजारचे काका मदतीला आले होते ते तसेच उभे राहिले.

"बसली नं मी!" आई म्हणाली. मग काकांना, "तुम्ही जा आता घरी."

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. पुढचं सगळं रागाचं आहे.

अडीचशे किलोमीटर झाल्यावर मी बायपासवरच्या एका मोठ्या दुकानात अलाइनमेंटला गेले. काचेचं केबिन, मोठा पडदा, चाकांना लावायच्या चकत्या, भिंतीवर टायर कंपनीचा बोर्ड. सुटीचा दिवस होता म्हणून नवराही बरोबर आला. माझा नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. मी गाडी आत घातली, इंजिन बंद केलं, उतरले, किल्ली माझ्या हातात. मालक माझ्या बाजूनं वळसा घालून नवऱ्यापाशी गेला.

"साहेब, गाडी खाली काहून केली?"

"गाडी यांची आहे," नवरा म्हणाला. "मला चालवता येत नाही."

मालक हसला. त्याला तो विनोद वाटला असावा. "पोरं करतात असे शौक, साहेब. तुमच्या वयात नाही पाहिलं कधी." मग मला, "मॅडम, तुम्ही आत बसा नं. एसी आहे."

आणि मी आत जाऊन बसले! हे लिहिताना माझ्याच हाताला चटका बसतो. मी, जी उन्हातान्हात काटेरी धुऱ्यांवरून फिरते, ती आपल्या गाडीची मोजणी चालू असताना एसीत जाऊन एका जुन्या मासिकाची पानं उलटत बसले. कारण बाहेर उभं राहायचं तर वाद घालावा लागला असता, आणि सुटीच्या दिवशी वाद नको वाटला.

अर्ध्या तासानं नवऱ्याच्या हातात एक छापील कागद आला. त्याच्या हातात. "सगळं हिरवं आलं साहेब, निश्चिंत जा."

घरी येताना मी नवऱ्याला विचारलं, "पडद्यावर काय दिसत होतं?"

तो विचार करून म्हणाला, "बरंच हिरवं होतं."

कागद मी गाडीच्या कप्प्यात टाकला आणि गाडी चालवू लागले. गाडी डावीकडे ओढत होती. फार नाही, पण सतत. स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवलं तरच सरळ जायची. आठवडाभरानं मी पुन्हा त्या दुकानात गेले, या वेळी एकटी. मालकानं गाडीला हातही लावला नाही.

"मॅडम, आपले रस्ते कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. गाडी डावीकडे जाणारच."

"आधी जात नव्हती."

"आधी तुमचं लक्ष नसेल गेलं. अन् लेडीजचा हात स्टिअरिंगवर जरा घट्ट राहते. सैल धरा, सवय होऊन जाईल. साहेबांना द्या चालवायला एकदा, फरक कळेल."

साहेबांना चालवता येत नाही, हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. पण मी परत आले, आणि खरंच हात सैल धरायचा प्रयत्न करू लागले. तीन महिने. वीस वर्षं गाडी चालवणारी मी, माझाच हात बिघडला असं मानून चालले. पंजे दुखायला लागले, उजवा खांदा आखडला. नवऱ्यानं एकदा म्हटलं, "वयोमानानंही होतं." तो प्रेमानंच म्हणाला होता, पण त्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोलले नाही.

कापसाचा हंगाम होता. केळापूरकडे मावशीच्या घरी मी आईला घेऊन निघाले होते. समोरून कापसानं फुगलेला ट्रॅक्टर आला, दोन्ही बाजूंनी रस्त्याबाहेर ओसंडलेला. मी थोडी डावीकडे घेतली आणि गाडीनं तोच इशारा धरून आणखी डावीकडे घेतलं. डावी दोन्ही चाकं डांबराखाली उतरली, मुरुमात घसरली, मागचा भाग हलला. मी स्टिअरिंग दाबून धरलं, ब्रेक मारला नाही, हळूहळू गाडी वर घेतली आणि पुढे एका लिंबाखाली थांबवली. आईनं डाव्या हातानं दार इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"हात सरळ ठेवत जा बाई," ती म्हणाली. "काय होऊन राह्यलं तुले?"

मी पुन्हा गाडी सुरू केली. मलाही तेच वाटत होतं, की मला काहीतरी होतंय.

मुरुमात घसरताना डाव्या पुढच्या चाकात काहीतरी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं ते काढलं, उलटं केलं आणि मला हाक मारली.

"ताई, हात लावा इथं."

टायर बाहेरून नवा होता. आतल्या कडेला रबर उरलंच नव्हतं. बोटाला तार लागली. उजव्या चाकाचंही तसंच, थोडं कमी.

"गाडी खाली केली नं तुम्ही? अलाइनमेंट नाही केलं?"

"केलं."

"असं नाही होऊ शकत मग. कागद हाय?"

कप्प्यातून मी तो कागद काढला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट वाचला. तिथंच, त्याच्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून. डावं चाक वरून किती झुकलं: उणे शून्य अंश तीस मिनिटं, म्हणजे आत अर्धा अंश. उजवं चाक: उणे शून्य अंश तीस मिनिटं. तोंडाचं माप डावीकडे पाच मिनिटं, उजवीकडे पाच मिनिटं. आणि शेजारच्या रकान्यात कंपनीचं ठरलेलं माप, त्याचा बरोबर मधला आकडा तीस आणि पाच. सगळं हिरवं. "आधी" नावाचा एक रकाना होता, तो कोरा.

कागद मी पुन्हा एकदा वरून खाली वाचला. कारण असले आकडे मी ओळखते.

नोकरीत नवी होते तेव्हा केळापूर तालुक्यातच एका शेताची मोजणी होती. शेवटचा कोपरा नाल्यापलीकडे, बोरीच्या काट्यात. वैशाखातली दुपार. मी झाडाखाली बसून जुन्या नकाशावरून त्या कोपऱ्याचं माप काढलं आणि वहीत भरलं. शेताची मालकीण म्हातारी होती. ती चालत माझ्यापाशी आली आणि विचारलं, "तिकडं गेल्या होत्या का बाई?" मी हो म्हटलं. संध्याकाळी माझ्या वरिष्ठांनी वही पाहिली आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. जुन्या नकाशाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारी ती एकच ओळ होती. "खरं माप इतकं मुकाट येत नाही," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला परत पाठवलं. म्हातारीनं मला पुन्हा आलेलं पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्याची लाज मला अजून वाटते.

म्हणून मला कळलं. दोन इंच खाली आलेल्या गाडीची दोन्ही चाकं एका मिनिटाचाही फरक न पडता कंपनीच्या मधल्या आकड्यावर येऊन उभी राहू शकत नाहीत. या माणसानं चकत्या लावल्या असतील, पडदा लावला असेल, पण मोजलं काहीच नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून घरी ओळंबा काढला. अंगणात सिमेंटची सपाट जागा आहे. चाकाच्या बाहेरून ओळंबा सोडला आणि रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं. गाडी फिरवून उलट्या तोंडानं उभी केली, पुन्हा मोजलं, म्हणजे अंगणाचा उतार असेल तर तो निघून जाईल. डावं चाक वरून चौदा मिलिमीटर आत झुकलेलं, उजवं नऊ. कागदाप्रमाणे तो झुकाव तीनच्या आसपास असायला हवा होता. नवरा माझ्यामागे कंदिलासारखा मोबाइलचा दिवा धरून उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे तुझा हात..."

"माझा हात ठीक आहे," मी म्हणाले. "पुन्हा बोलू नकोस."

पुढच्या व्यायामाच्या दिवशी परतताना मी गाडी सरळ बायपासवरच्या दुकानात घातली. आई पुढच्या सीटवर, नवरा मागे. मालक बाहेर आला, आणि पुन्हा नवऱ्याच्या खिडकीपाशी गेला! मी उतरले, मध्ये उभी राहिले आणि त्याच्यासमोर दोन कागद धरले, एक त्याचा आणि एक माझा.

"हे माप तुम्ही घेतलेलं नाही," मी म्हणाले.

"मशीननं घेतलं मॅडम. मशीन खोटं बोलते का?"

"मशीन बोललंच नाही. 'आधी'चा रकाना कोरा आहे. दोन्ही बाजूंना एकच आकडा आहे. आता गाडी चढवा, माझ्यासमोर मोजा."

तो नवऱ्याकडे पाहून हसला. "साहेब, सांगा तुम्ही मॅडमना. गाडी खाली केली की ती अशीच चालते. शौक केला तर थोडं सोसावं लागते."

नवरा गाडीतून म्हणाला, "त्या सांगतात तसं मोजा ना."

"आम्ही खाली केलेल्या गाड्या घेत नाही."

"तीन महिन्यांपूर्वी घेतली," मी म्हणाले. आता माझा आवाज चढला होता. दोन कामगार हातातलं काम सोडून पाहत होते. "तेव्हा घेतली, कागद दिला, हिरवा दिला!"

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. आईनं डाव्या हातानं उजवा पाय बाहेर सोडला, दांडा धरला, आणि सावकाश, एकटी, उतरून उभी राहिली. काठी घेतली. कोणी पुढे येऊ नये म्हणून तिनं आधीच मला डोळ्यांनी दटावलं होतं.

"हा शौक," आई म्हणाली. "पाहून घे नीट. कोणाच्या हाताशिवाय गाडीतून उतरायचा शौक आहे मले."

 मालकाचा चेहरा पडला. आणि मग तो जे बोलला त्यानं माझा उरलासुरला धीर सुटला.

"असं होय! मग आधी सांगायचं नं मॅडम. मावशींची तब्येत अशी आहे माहीत असतं तर मी स्वतः उभं राहून करून दिलं असतं. आणा, आता करतो. काही द्यायचं नाही."

मला वाटतं लोक याला चांगुलपणा म्हणतील. माझ्या काही मैत्रिणींनी म्हटलंही, की अखेर माणूस वरमला ना, मग करून घ्यायचं. पण मला त्या क्षणी जितका संताप आला तितका तो हसला तेव्हाही आला नव्हता. म्हणजे मी माझ्या आईचं आजारपण त्याच्या दुकानात मांडलं असतं, तर मला खरं माप मिळालं असतं. आणि एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोरानं नुसत्या देखणेपणासाठी गाडी खाली केली असती, तर त्याला खोटा कागद दिलेला चालला असता? त्या पोराची गाडी ट्रॅक्टरसमोर डावीकडे ओढली असती तर त्याचा जीव कमी किमतीचा होता? मी हे सगळं त्याला बोलले. इतकं नीट नाही बोलले. तुटक, ओरडून, मधेच श्वास लागून. शेवटी एवढं म्हणाले, "दया नको होती. मोजणी पाहिजे होती."

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊन राह्यल्या."

आई गाडीत बसली, आपली आपण, आणि आम्ही निघालो.

रात्री जेवणं झाल्यावर मी बोर्डावरच्या टायर कंपनीला तक्रार लिहिली. त्यांचा कागद, माझी मापं, टायरचे फोटो. अर्जावर गाडी माझ्या नावाची, सही माझी, मोबाइल नंबर माझा. चार दिवसांनी मालकाचा फोन आला, नवऱ्याला. त्याचा नंबर यानं कुठून शोधला देव जाणे. बहुधा कॉलेजातून. नवरा वर्गातून बाहेर येऊन फोनवर बोलला आणि संध्याकाळी त्यानं मला सांगितलं. मालक म्हणत होता, मॅडमना समजवा, तक्रार मागे घ्यायला सांगा, नवे टायर बसवून देतो.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, गाडी त्यांची आहे, त्यांना फोन करा. मी रसायनशास्त्र शिकवतो."

मला त्याचा त्या दिवशी फार आधार वाटला, पण मला फोन काही आला नाही. कंपनीकडून एक छापील उत्तर आलं, की संबंधित विक्रेत्याला योग्य सूचना दिल्या आहेत. दुकान आजही तसंच चालू आहे. त्या रस्त्यानं गेले की आतल्या रांगेतल्या गाड्या मी मोजते आणि प्रत्येकीच्या मालकाला खिडकी वाजवून सांगावंसं वाटतं, की बाबा, उतर, पडद्यासमोर उभा राहा.

दारव्ह्याला अलाइनमेंट करणाऱ्या एका चाचांचं नाव पंक्चरवाल्यानं सांगितलं. नाव म्हणजे खूण सांगितली: बाजाराच्या मागे, जीपा उभ्या राहतात तिथं, निळं शटर. "ते दोरीनं लावते ताई, मशीन नाही त्याच्यापाशी." मी पुढचे दोन टायर नवे बसवले आणि रविवारी आईला घेऊन गेले. व्यायाम नसला की तिला घरी करमत नाही.

चाचा साठीचे, पांढरी टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि स्वभावानं अजिबात गोड नाहीत. मी सगळी हकिगत सांगायला लागले तर हात वर करून थांबवलं. "बाई, कहानी बाद में. गाडी सीधी खडी करा."

त्यांनी आधी चारही टायरांची हवा सारखी केली. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे, म्हणजे दोरी बांधायचे स्टँड, ठेवून मागच्या चाकापासून पुढच्या चाकाच्याही पुढे जाईल अशी दोरी ताणली, इकडे एक आणि तिकडे एक. चाकाच्या मध्यापासून दोरीचं अंतर दोन्हीकडे सारखं येईपर्यंत घोडे सरकवत राहिले. मी न सांगता दुसरं टोक धरलं. त्यांनी पाहिलं आणि मोजपट्टीचं दुसरं टोकही माझ्या हातात दिलं. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत किती, मागच्या कडेपासून किती. प्रत्येक आकडा ते मोठ्यानं म्हणत आणि मी लिहून घेत होते. चाकांचा झुकाव पाहायला त्यांनीही ओळंबा सोडला; माझे चौदा आणि नऊ त्यांना चौदा आणि साडेनऊ आले.

"तुमी कुठं शिकल्या?" त्यांनी विचारलं.

"शेतं मोजते मी."

"अच्छा," ते म्हणाले, आणि त्यानंतर माझ्याशी जरा बरे वागू लागले. तरीही नवे टायर आधी बसवून आणल्याबद्दल रागावलेच. आधी अलाइनमेंट, मग टायर, एवढं मला कळायला हवं होतं म्हणे. ते मी ऐकून घेतलं, कारण ते माझ्याशी बोलत होते.

चाकाच्या मागचे दोन जाड बोल्ट सैल करून, पान्यानं दाबून त्यांनी चाक वरून बाहेर ढकललं आणि पुन्हा आवळलं. मग खाली झोपून स्टिअरिंगचे दांडे थोडे थोडे फिरवले. गाडी पुढेमागे ढकलून पुन्हा मोजलं. पुन्हा दांडे, पुन्हा ढकलणं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चाचांच्या बायकोला उजव्या हाताचे व्यायाम करून दाखवत होती. चाचींचा खांदा धरला होता. त्यांच्याकडून मुरमुऱ्यांचा चिवडा आला, तो सगळ्यांनी खाल्ला.

शेवटी चाचांनी माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: डावं चौदाचं सहा, उजवं साडेनऊचं पाच.

"याच्या खाली नाही जात," ते म्हणाले. "बोल्टात तेवढीच जागा हाय. सहा राहिलं, ते राहिलं. पाच हजार किलोमीटर झाले की टायर पुढचे मागे करा, तर टिकतील. पुरं झालं असं नाही सांगत मी तुमाले."

मी ती वही हातात घेऊन उभी राहिले. सहा आणि पाच. एकसारखेही नाहीत, कंपनीच्या मधल्या आकड्याशी जुळणारेही नाहीत. पण ते खरे होते, आणि माझ्यासमोर, माझ्या हातात दोरीचं टोक असताना घेतलेले होते.

परतताना यवतमाळकडचा एक लांब सरळ पट्टा लागला. मागेपुढे कोणी नव्हतं. मी बोटं सैल केली. गाडी आपली रेघ सोडेना. मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण आला तो रागच. तीन महिने मी माझ्या पंजांना दोष दिला होता, खांदा शेकत बसले होते, माणसाचं वय होतं म्हणून स्वतःला समजावलं होतं. एका माणसाला अर्धा तास खाली वाकायचा कंटाळा आला म्हणून.

आई म्हणाली, "आता सरळ चालली पाहा. एवढे दिवस काय झालं होतं तुह्या हाताले?"

मी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "आई, माझ्या हाताला काही झालं नव्हतं. एक दिवसही नाही."

मी ओरडले असेन.  आईनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "म्याबी तसंच समजली होती. चुकलं माह्यं."

या सगळ्या प्रकरणात आपलं चुकलं असं मला म्हणणारी ती एकटी. आणि तिचं चुकलेलं नव्हतं.